चौथीच्या वर्गात समोच्च रेषा शिकवताना

एनएसएसच्या शिबिरात किंवा इंटर्नशिपच्या निमित्ताने तुमच्यापैकी अनेकांवर प्राथमिक शाळेत एखादा तास घेण्याची वेळ येते. मी स्थापत्य शाखेला सर्वेक्षण शिकवतो, त्यामुळे समोच्च रेषा हा माझा दरवर्षीचा पाठ. तरीही एका खेड्यातल्या चौथीच्या वर्गात मी फसलो. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा, असे फळ्यावर लिहून मी एकात एक वेडीवाकडी वर्तुळे काढली. एका मुलीने विचारले, "सर, आमच्या डोंगरावर अशा रेघा नाहीत. ह्या कुणी मारल्या?"

व्याख्या बरोबर होती. पण तिने समुद्र पाहिलेला नव्हता, डोंगर कधी वरून पाहिलेला नव्हता आणि 'सारखी उंची' म्हणजे काय हे हाताने कधी मोजलेले नव्हते. एका वाक्यात मी तिच्यावर तीन अनोळखी गोष्टी टाकल्या होत्या.

म्हणून आधी वरून पाहणे शिकवा. बाकावर पेला ठेवा, मुलांना उभे राहून सरळ वरून बघू द्या आणि जे दिसते ते काढायला सांगा. पहिल्या खेपेला बरीच मुले पेला बाजूनेच काढतात. खोडू नका, पुन्हा बघायला लावा. समुद्रसपाटी सध्या बाजूला ठेवा. ट्रेचा तळ म्हणजे शून्य, एवढे पुरे.

आता खोलगट ट्रेमध्ये अर्धा बटाटा सपाट बाजू खाली करून ठेवा. (मातीचा डोंगर करू नका, पाण्यात विरघळतो. मी करून बसलो आहे.) ट्रेच्या कडेला पट्टी उभी करा. १ सेंमी पाणी ओता आणि पाणी बटाट्याला जिथे टेकते तिथे टाचण्या टोचत गोल फिरा. मग २ सेंमी, मग ३. पाणी काढून टाकल्यावर टाचण्यांच्या रांगा उरतात. ट्रेवर काच ठेवून एक डोळा मिटून वरून बघत त्या रांगा स्केचपेनने काचेवर उतरवा. बटाट्याचे काप करून ते गिरवण्याची पद्धतही आहे, पण ती मला कमी पटते. तिथे उंची सुरी ठरवते, इथे पाणी ठरवते. उन्हाळ्यात तलाव आटताना काठावर एकाखाली एक पट्टे उरतात, ते मुलांना इथे आपोआप आठवतात.

बटाट्याची एक बाजू उभी आणि दुसरी उतरती असेल असा निवडा. १ सेंमी पाणी चढले की उतरत्या बाजूला काठ बराच आत सरकतो, उभ्या बाजूला जेमतेम. म्हणजे रेषा जवळजवळ तिथे चढण तीव्र, लांब तिथे सौम्य. हे तुम्ही सांगू नका. "शेळ्या कुठून वर न्याल?" एवढेच विचारा.

दोन रेषांच्या मध्ये काय असते, हा प्रश्न येतोच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर दोन रेषांमध्ये सहसा २० मीटरचे अंतर असते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. अशा नकाशावर शेवटची रेषा १,६४० ची येईल; वरच्या ६ मीटरसाठी रेषा नाही, शिखराजवळ आकडा छापावा लागतो.

त्या मुलीचे उत्तर मात्र वर्गात मिळत नाही. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, सगळी चूक तिथेच होते. सारख्या खुणांच्या दोन काठ्यांना नळीची टोके बांधा. एक काठी जागेवर धरून दुसरी उतारावर पुढेमागे सरकवा. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आले की तिथे फक्की टाका, मागची काठी त्या खुणेवर आणा आणि पुढे चला. पावसाचे पाणी मुरवण्यासाठी डोंगरउतारावर सलग समतल चर खणतात, त्यांची आखणी याच तत्त्वावर होते. आखणी चुकली तर पाणी चरभर थांबत नाही. सखल टोकाला धावते, तिथला बांध फोडते आणि माती घेऊन खाली उतरते.

दुसऱ्या खेपेला आम्ही शाळेमागच्या टेकाडावर अशी फक्की टाकली. त्या मुलीने पुढची काठी धरली होती. खाली उतरून तिने वळून पाहिले आणि म्हणाली, "ही आपण मारली."