झाकण उघडल्याशिवाय

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की लोखंडी कपाटांचे चोरकप्पे रिकामे होतात, आणि त्यांतून पुष्कळदा एखादं मनगटी घड्याळ निघतं. कुणाला ते निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेलं असतं, कुणाच्या मामाने आखातातून आणलेलं असतं, कुणाला लग्नात सासऱ्यांनी हातात बांधलेलं असतं. नातवंडांना रोज चावी द्यायची सवय नसते, म्हणून ते विकायला निघतं. गिऱ्हाईकही याच उपनगरांत आहे. नव्या ओमेगा-रोलेक्सच्या किमती ऐकून जुन्याकडे वळलेला, हौसेसाठी महिन्या-दोन महिन्यांचा पगार बाजूला काढू शकणारा हा माणूस आहे. तो सर्वांत आधी डायल पाहतो, आणि डायल चकचकीत असली की खूश होतो. माझं म्हणणं असं की साठ वर्षांच्या घड्याळाची चकचकीत डायल ही पहिली शंकेची जागा मानावी. कारण जुन्या उंची घड्याळाची बरीचशी किंमत एका दाव्यावर उभी असते: याचे सगळे भाग पहिल्यापासून एकमेकांबरोबर आहेत. हा दावा तपासता येतो, मात्र त्याचा मुख्य पुरावा मागच्या झाकणाच्या आत असतो.

हा प्रश्न मुंबईत इतका तीव्र का, याचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे. स्विस घड्याळांशी मुंबईचा संबंध फार जुना. १७३७ साली सुरू झालेल्या फाव्र-ल्यूबा घराण्यातला फ्रित्झ फाव्र १८६५ मध्ये व्यापारासाठी हिंदुस्थानात आला आणि पुढे हे नाव इथल्या मध्यमवर्गाच्या तोंडी 'फेवरल्यूबा' म्हणून इतकं रुळलं की अनेकांना ती देशी कंपनीच वाटायची. वेस्ट एंड वॉच कंपनीने १८८६ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं आणि तिची घड्याळं सैन्यात नि रेल्वेत पोचली. स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध आले, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि स्विस घड्याळ एक तर परदेशी गेलेल्या नातलगाच्या मनगटावरून किंवा चोरट्या मार्गाने येऊ लागलं. घड्याळ आलं तरी त्याचे सुटे भाग सहजी मिळत नव्हते. मग सत्तरच्या दशकात क्वार्ट्‌झने स्विस उद्योगाचं कंबरडं मोडलं, आणि जी नावं इथे घरोघरी होती त्यांच्यामागचे कारखाने मोडकळीला आले. रेल्वे स्टेशनाबाहेर काचेच्या पेटीमागे बसणाऱ्या घड्याळजीपुढे तेव्हा एकच रस्ता होता: एका बंद घड्याळाचं चक्र काढून दुसऱ्या चालत्या घड्याळात बसवायचं. त्याच्या या कौशल्यामुळेच हजारो घड्याळं चालू राहिली, आणि त्याच कौशल्यामुळे आज कुठलं चक्र मूळचं हे सांगणं अवघड झालं आहे.

दुसरं कारण हवा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, खारा वारा, लोकलच्या गर्दीतला घाम. जुन्या घड्याळाचं रबर वाळलं की चावीच्या भोकातून ओल आत जाते आणि डायलवरच्या लाखेखाली डाग धरतात. डाग पडलेली डायल तेव्हाच्या मालकाला नको होती. ती काढून, घासून, नवा रंग मारून, वर नाव आणि आकडे पुन्हा छापून देणं हा मुंबईत रीतसर धंदा झाला. पुढे अशी घड्याळं परदेशी हौशी लोकांकडे जाऊ लागली तेव्हा त्यांना जगभर 'मुंबई स्पेशल' हे नाव पडलं. ते नाव कौतुकाचं नाही. मूळ कंपनीने कधी न वापरलेला भडक निळा-नारिंगी रंग, वेड्यावाकड्या अक्षरांतलं नाव, आणि आत कुठलंही मशीन, असा त्याचा अर्थ. शहराच्या नावावर बसलेला हा डाग खटकतो, कारण तो दुरुस्ती आणि फसवणूक यांत फरक करत नाही. १९७५ साली ज्या कारकुनाने एकुलत्या एका घड्याळाची डायल रंगवून घेतली, त्याने कुणाला फसवलं नव्हतं, रंगवणाऱ्यानेही नाही. फसवणूक सुरू होते ती आज तेच घड्याळ 'एकदम ओरिजिनल' म्हणून विकलं जातं तेव्हा. आणि वाईट एवढंच की ओलीने एकसारखी तपकिरी झालेली मूळ डायल, जी त्या काळी घासून टाकली गेली, तिलाच आज हौशी लोक 'ट्रॉपिकल' म्हणून जास्त पैसे मोजतात.

रंगवलेली डायल ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पाच मिनिटं पुरतात. कारखान्यातली छपाई कोरलेल्या पट्टीवरची शाई मऊ गादीने उचलून केलेली असते. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण, शाई किंचित वर उठलेली. हाताने पुन्हा छापलेल्या डायलवर शाई पसरते, अक्षरांचे पाय जाड होतात. मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या धातूच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येत नाहीत. सहाच्या खाली तळाशी असलेलं 'स्विस मेड' कधी गायब असतं, कधी काचेच्या कडेखाली अर्धं दबतं, कधी नको तितकं वर येतं. अंधारात चमकणारा लेपही बोलतो. साठच्या दशकापर्यंत रेडियम वापरत. नंतर ट्रिशियम आलं आणि डायलच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' किंवा 'टी स्विस टी' अशी खूण छापली जाऊ लागली. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं आहे. म्हणजे १९६८ च्या घड्याळाचे ठिपके आज अंधारात रात्रभर हिरवे उजळत असतील, तर तो लेप नंतर लावलेला आहे. आकड्यांवरचा लेप पिवळसर आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र असेल तर निदान काटे तरी बदललेले आहेत. रेडियमची गोष्ट वेगळी: त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, चमक मात्र केव्हाच मेलेली, कारण उजेड देणारं गंधकयुक्त जस्त आधी झिजतं. असं घड्याळ घरी चाकूने उघडून बसू नये, ती भुकटी श्वासात जाणं बरं नाही.

पण डायल हे फक्त शंका घेण्याचं ठिकाण. खात्री करायची तर झाकण उघडावं लागतं, आणि त्यासाठी ओमेगाचं कॉन्स्टेलेशन हे उत्तम उदाहरण आहे. १९५२ मध्ये सुरू झालेली ही मालिका भारतात लोकप्रिय होती. बारा पैलूंची, कडेला उतरती 'पाय-पॅन' डायल आणि मागच्या झाकणावर वेधशाळा नि आठ तारे. साठच्या दशकात ओमेगाने मॉडेलच्या आकड्यांना अर्थ दिला: १६७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे क्रोनोमीटर दर्जाचं, आपोआप चावी भरणारं, तारीख नसलेलं, १६८ म्हणजे तेच, तारखेसह, १६६ म्हणजे तारखेसह, पण क्रोनोमीटर नसलेलं. हा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकलेला असतो. मशीनवर त्याचा स्वतःचा आकडा असतो: ५५१ म्हणजे तारीख नसलेलं, ५६१ म्हणजे तारखेसह, ५६४ म्हणजे तारीख पटकन बदलता येणारं, तिन्ही २४ ज्वेलची क्रोनोमीटर मशीनं. शिवाय मशीनवर कोट्यवधीतला अनुक्रमांक असतो, त्यावरून साधारण वर्ष निघतं. आता या तीन साक्षी एकमेकींसमोर उभ्या करायच्या. झाकणात १६६ आणि डायलवर 'कॉन्स्टेलेशन क्रोनोमीटर' असेल, तर झाकण तरी दुसऱ्याचं आहे किंवा डायल तरी. डायलला तारखेची खिडकी आणि आत ५५१ असेल, तर मशीन उसनं आहे. अनुक्रमांक पन्नासच्या दशकातला आणि डायल सत्तरच्या धाटणीची असेल, तर दोन घड्याळांचं एक झालं आहे. यासाठी स्वित्झर्लंडला जावं लागत नाही. रोलेक्सच्या बाबतीत जुन्या घड्याळांचे आकडे पट्टा जिथे बसतो त्या दोन शिंगांमध्ये कोरलेले असतात. पट्टा न काढता रोलेक्स तपासलं असं कुणी म्हणू नये.

यावर मोठा आक्षेप असा घेतला जाईल की चांगला भामटा या तिन्ही साक्षी पढवून आणतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाने १९५७ च्या ओमेगा स्पीडमास्टरचा लिलाव केला. ते ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिथे बनवणाराच फसला तिथे बोरिवलीचा गिऱ्हाईक काय तपासणार, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र यातून उलट निष्कर्ष निघताना दिसतो. एवढी पढवलेली साक्ष तयार करायला आतली माहिती, दुर्मीळ भाग आणि वर्षानुवर्षांचं ज्ञान लागतं. तो उपद्व्याप कोट्यवधींच्या घड्याळासाठीच परवडतो. लाखभराच्या कॉन्स्टेलेशनवर एवढी मेहनत कुणी घेत नाही. तिथली जोडाजोड घाईची असते, आणि घाईची जोडाजोड झाकण उघडताच उघडी पडते. आपल्या किमतीच्या बाजारात ही तपासणी जवळजवळ पुरेशी आहे.

मूळ डबा आणि कागद असतील तर एवढं कशाला, असंही काही जण म्हणतात. कागद असतील तर उत्तम, पण डबे वेगळे विकत मिळतात आणि कागदावरचा आकडा घड्याळाशी जुळतो का हे पुन्हा झाकण उघडूनच कळतं. उलट कागद नाहीत म्हणून मुंबईतलं घड्याळ नाकारणंही चूक ठरेल. जे घड्याळ १९६९ मध्ये कस्टमच्या नजरेआडून आलं, त्याला पावती कुठून असणार? अशा वेळी कंपनीच्या जुन्या नोंदवह्या मदतीला येतात. लाँजिन अनुक्रमांकावरून आपल्या दप्तरातली माहिती देते, पाटेक फिलिपही उतारा देते; त्यात मशीन, केस आणि विक्रीची तारीख मिळते. रोलेक्स असा उतारा देत नाही. उताऱ्यालाही एक मर्यादा आहे: तो कारखान्यातून निघालेल्या घड्याळाबद्दल बोलतो, त्यानंतरच्या साठ वर्षांबद्दल नाही.

केसकडे बघताना शिंगांच्या कडा बघाव्यात. दर सर्व्हिसिंगला बफिंग मारून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि प्रत्येक बफिंग थोडा धातू खातं. कडा गोल झाल्या, झाकणावरचे तारे पुसट झाले, की ते परत येत नाहीत. ओरखडे असलेली, धारदार कडांची केस मी केव्हाही श्रेष्ठ मानेन. सोन्याच्या घड्याळाबाबत उपनगरातल्या गिऱ्हाइकाची खास सोय आहे, कारण हॉलमार्क तपासणाऱ्या केंद्रांत क्ष-किरणांच्या यंत्रावर कॅरेट लगेच कळतं. पण ते यंत्र वरचा थर वाचतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. म्हणून झाकणाच्या आतलं चिन्ह पाहायचं. १९९५ पूर्वीच्या १८ कॅरेटच्या स्विस केसवर हेल्वेशियाचं डोकं ठोकलेलं असतं, त्यानंतरच्यांवर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं. '२० मायक्रॉन' असं लिहिलेलं असेल तर तो मुलामाच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त भाव सोन्याचा लावू नये.

घड्याळ चालतं कसं, हा सर्वांत सोपा भाग, आणि विकणारे नेमका त्याच्यावरच भर देतात. टाइमग्राफर नावाचं यंत्र मायक्रोफोनने टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे आणि बॅलन्स किती अंशांत झुलतो ते दाखवतं. चावी पूर्ण भरलेली असताना झोका २७० अंशांच्या आसपास असला तर प्रकृती उत्तम. २०० च्या खाली असेल तर तेल वाळलं आहे किंवा स्प्रिंग थकली आहे, आणि सर्व्हिसिंगचा खर्च भावातून वजा करायला हवा. घड्याळ आडवं, उभं, चावी वर, चावी खाली असं वेगवेगळ्या स्थितींत ठेवून बघावं. पण उसन्या भागांचं घड्याळही अचूक वेळ देऊ शकतं, त्यामुळे या आकड्यांवरून मूळपणाचा निकाल लावू नये. तसंच बदललेली स्प्रिंग, काच, रबर यांनी घड्याळ खोटं होत नाही. त्या वस्तू झिजण्यासाठीच असतात. डायल, काटे, केस आणि मशीन या चारांना वेगळा नियम, कारण भाव त्यांचाच असतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. विकणारा झाकण उघडू देत नाही: ओल आत जाईल, सील तुटेल, विश्वास नाही का, असं म्हणतो. साठ वर्षांच्या घड्याळाचं कारखान्याचं सील केव्हाच संपलेलं असतं, आणि योग्य चावीने झाकण उघडायला दोन मिनिटं लागतात. विश्वासाचा प्रश्न असेल तर दोघांनी मिळून तिसऱ्याकडे जावं. अंधेरी-घाटकोपरला स्टेशनाजवळ अजून असे घड्याळजी आहेत ज्यांनी चाळीस वर्षं हीच मशीनं उघडली-मिटली. थोड्या मोबदल्यात ते डोळ्याला भिंग लावून दोघांसमोर सांगतात, डायल रंगवलेली आहे, मशीन मूळचं, काटे दुसरे. अशा घड्याळजीने 'डायल रिप्रिंट आहे' म्हटलं म्हणून सौदा मोडायची गरज नाही. रंगवलेल्या डायलचं, पण आपल्याच मशीनचं फेवरल्यूबा रोज वापरायला सुरेख घड्याळ आहे. त्याचा भाव मात्र रंगवलेल्या डायलचा हवा. मग पावतीवर नुसतं 'जुने घड्याळ, १ नग' न लिहिता मॉडेलचा आकडा, मशीनचा आकडा, अनुक्रमांक, केस कशाची आणि डायल मूळ की रंगवलेली एवढं लिहून घ्यावं, खाली विकणाऱ्याची सही, आणि झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूचा स्वच्छ उजेडात एक फोटो.