मुंबईला दोन दिवस जाताना

परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयात दाखवायचे म्हणून मालेगावची मंडळी अकोल्याहून रात्रीची गाडी धरतात. माझे एक मधुमेही रुग्ण भावाला घेऊन असेच गेले. सकाळी साखरेची गोळी घेतली आणि रांगेतला नंबर जाईल म्हणून दुपारपर्यंत पोटात काही नाही. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी! शेजारच्या बाईंनी गोड चहा पाजला म्हणून निभावले. भाऊ राहिला बाजूला, यांचीच धावपळ.

मधुमेहाची गोळी घेतली की उपाशी राहू नये. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, दोन दिवस जास्तीची घ्या.

गाडी दादरला थांबत असेल तर तेथेच उतरा. परळ जवळ पडते. सकाळी ८ ते ११ म्हाताऱ्या माणसांना लोकलमध्ये चढवू नका. टॅक्सीचे भाडे मोडलेल्या खुब्यापेक्षा स्वस्तच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिसने २००५ च्या पुरानंतर मुंबईत बळी घेतले होते.