अळी नसलेली कीड : दातांविषयीचे समज आणि विम्याविना उपचार

दातावर पडलेल्या काळ्या खड्ड्याला मराठीत ‘कीड’ म्हणतात आणि दातांविषयीचा सर्वांत जुना गैरसमज या एका शब्दाने आजवर जिवंत ठेवला आहे. दातात अळी असते असे एकदा मनात बसले, की ती बाहेर काढणारा शोधला जातो, आणि ग्रामीण भागात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन पाण्यात पांढऱ्या ‘अळ्या’ पाडून दाखवणारे जाणकार म्हणवून घेतात. वस्तुतः दातात अळी कधीच नसते. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच ही कल्पना नाकारली होती. दातावर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातील (ज्याला एनॅमल म्हणतात) खनिजे विरघळतात, आणि लाळ ते आम्ल हळूहळू निवळवून खनिजांची थोडीफार भरपाई करते. या झिजेचा आणि भरपाईचा हिशेब सतत झिजेच्या बाजूने राहिला की खड्डा पडतो.

या प्रक्रियेतून एक गोष्ट सहज लक्षात येते, जी ‘गोड खाऊ नये’ या ढोबळ उपदेशात हरवून जाते : किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली याला अधिक महत्त्व आहे. आम्लाचा प्रत्येक मारा निवळायला लाळेला सुमारे अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. त्यामुळे जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर घोटाघोटाने घेतलेला गोड चहा दाताला जास्त बाधतो. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात हाच नियम थोड्या वेगळ्या रीतीने लागू पडतो, कारण संत्र्यात साखरेबरोबर फळाचे स्वतःचे आम्लही असते. एक-दोन संत्री एका बैठकीत खाण्यात वावगे काही नाही. मात्र बागेत काम करताना तासन्‌तास फोडी चोखत राहिल्याने कवच मऊ पडते आणि त्यानंतर लगेच ब्रश केल्याने ते घासले जाते, म्हणून संत्रे खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासानंतर दात घासावेत.

‘दुखत नाही, म्हणजे दात चांगला आहे’ हा समज खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडतो. एनॅमलला संवेदना नसते. खड्डा त्याखालच्या थरात उतरला की थंड-गोड झोंबू लागते, आणि रात्री झोप उडवणारा ठणका बहुधा तेव्हा लागतो जेव्हा जंतू दाताच्या गाभ्यातील रक्तवाहिन्या व नसांपर्यंत पोहोचलेले असतात. पहिल्या अवस्थेत एका बैठकीत दात भरून काम भागते. गाभ्यापर्यंत गेल्यावर रूट कॅनाल करावे लागते, म्हणजे गाभा काढून मुळांच्या नळ्या स्वच्छ करून बंद कराव्या लागतात, आणि ठिसूळ झालेल्या दाढेवर बहुतेक वेळा टोपीही बसवावी लागते. हा खर्च भरण्याच्या कित्येक पट असतो. दात काढणे त्या दिवशी स्वस्त वाटते, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, आणि पुढे कृत्रिम दाताचा खर्च उरतोच. मधल्या काळात ठणका थांबवण्यासाठी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाण्याची रीत आहे. त्यांनी सूज काही दिवस ओसरते, परंतु जंतूंचे घर दाताच्या आतच राहते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवल्याने तर दुखणे न थांबता हिरडीच भाजते. गालाची सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप आला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर तो जिवावरचा प्रसंग असतो आणि त्यात थेट रुग्णालय गाठावे लागते.

वरची दाढ काढल्यास डोळे अधू होतात, या भीतीपोटी अनेक वयस्क माणसे सडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात. दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन सर्वस्वी वेगळ्या नसा आहेत. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि दाढाही त्याच वयात काढाव्या लागतात, एवढाच दोहोंचा योगायोग. दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात हाही असाच उलटा लावलेला अर्थ आहे. हिरडीकडेने साचलेला दगडासारखा थर दातांना खोटा आधार देत असतो, आणि तो काढल्यावर हाडाची आधीच झालेली झीज उघडी पडते. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे थांबवले तर थर वाढतो आणि रक्तही वाढते.

घासण्याच्या साधनांबाबत परंपरेचा सरसकट धिक्कार योग्य नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचल्यासारखी केली तर दात बऱ्यापैकी स्वच्छ होतात; तिच्यात नसते ते फ्लोराइड, म्हणजे एनॅमलला आम्लापुढे टिकाव देणारे खनिज, जे साध्या, स्वस्त टूथपेस्टमध्येही मिळू शकते. राखुंडी आणि विटेची भुकटी मात्र सोडून द्यावी, कारण त्यांनी दाताच्या मानेशी खाचा पडतात. याहून घातक आहे ती मिश्री. तंबाखूने दातांची कळ थांबते हा समज तिच्यामागे असतो. तंबाखूच्या अमलाने वेदना घटकाभर बोथट होत असेल, पण खड्डा वाढतच राहतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे. विदर्भातील पानठेल्यांवर पन्नीत घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी एकत्र येतात, आणि त्यांपैकी नुसती सुपारीसुद्धा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे. तिच्यामुळे गालाचे अस्तर आतून ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावेनाशी झाली, तर तपासणीला एक दिवसाचाही उशीर करू नये.

‘विमा असता तर खर्च भागला असता’ ही हळहळही बव्हंशी चुकीच्या गृहीतावर उभी आहे, कारण नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात वगळता दंतोपचार सहसा धरलेले नसतात. २०१२ मध्ये अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना मुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा भार उचलते. दात भरण्याचा नाही. या व्यवस्थेतील उलटा क्रम खेदजनक आहे. खरा आधार आहे तो सरकारी रुग्णालयांचा : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, आणि अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या ठिकाणी दंत विभाग असतो. टोपी, कवळी किंवा किचकट रूट कॅनालसाठी अमरावती आणि अकोला येथील दंत महाविद्यालये अथवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठावे. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. ‘शिकाऊ हात’ म्हणून ही सोय टाळणे शहाणपणाचे नाही. खासगी दवाखान्यात गेल्यास कोणते काम आज केलेच पाहिजे आणि कोणते थांबू शकते हे विचारण्यात संकोच करू नये. पू व वेदना आधी, खोल खड्डे त्यानंतर, गेलेल्या दातांची भरपाई पुढे आणि दिसण्याचे काम शेवटी, असा क्रम धरला तर खर्च हंगामांवर वाटता येतो. मागच्या दाढेला सिरॅमिकऐवजी धातूची टोपी बसवली तरी ती भक्कम असते आणि कमी पैशांत होते.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर खर्च कशाला, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. हे वीस दात पुढच्या दातांची जागा राखून ठेवतात, आणि मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत चावण्याच्या कामी येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याही मागे एक दाढ निमूटपणे उगवते, जी कोणत्याच दुधाच्या दाताच्या जागी येत नसल्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. मुलाला सकाळच्या उन्हात अंगणात बसवून तोंड उघडायला लावावे आणि मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जावे : पहिले पाच दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले, आणि सहावी ती. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते, म्हणून ब्रश तिथवर पोहोचतो की नाही हे सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येते तेव्हा त्याच्या यादीत दातांची कीडही असते. खाच काळी दिसत असेल तर त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवावे आणि पथकाला ती दाढ बोटाने दाखवावी.