माहिती आपली, टेबल कुणाचे?

घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६च्या सुमारास आपल्या गल्लीतल्या कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. त्या अनुभवातून मुंबई महापालिकेची 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना उभी राहिली. एएलएम या नावाने ती आज उपनगरांत ओळखली जाते. असे काम करायला उत्साह लागतोच, पण त्याआधी माहिती लागते. गाडी कधी येते, कचरा कुठे जातो, पाणी कोण तपासते, पैसे कोणत्या खात्यातून मिळतात? यातली बहुतेक उत्तरे सार्वजनिक आहेत. कोणता प्रश्न कोणत्या टेबलावर न्यायचा, एवढे कळले की निम्मे काम होते.

आधी आपला विभाग ओळखा

अंधेरी पूर्वेचा कारभार के/पूर्व विभागात, पश्चिमेचा के/पश्चिम विभागात चालतो. बोरिवली आर/मध्यमध्ये, मुलुंड टी विभागात आणि घाटकोपर एन विभागात येते. शंका असेल तर मालमत्ता कराचे बिल पाहावे. विभाग कार्यालयात कचऱ्यासाठी घनकचरा व्यवस्थापनाचे आणि पाण्यासाठी जलकामांचे सहायक अभियंता असतात. तक्रार १९१६ या क्रमांकावर करता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्याच्या आधाराने होतो.

पाणी

सात जलाशयांतला साठा पालिका रोज जाहीर करते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी हे ते सात. त्यांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. आजची टक्केवारी एकटी पाहू नये. तक्त्यात मागल्या वर्षांचे त्याच तारखेचे आकडेही असतात, त्यांच्याशी ती ताडून पाहावी.

पाणी गढूळ येत असेल तर धरणाचा आकडा कामाचा नाही. तेव्हा जलकामे विभागाकडे नमुना तपासणी मागावी आणि नमुना नेमका कुठे घेतला ते विचारावे. पालिकेच्या जलवाहिनीतले पाणी चांगले आणि सोसायटीच्या टाकीतले वाईट निघाले, तर टाकी साफ करण्याची जबाबदारी सोसायटीची. शहराचे एकूण चित्र पालिकेच्या वार्षिक पर्यावरण सद्यस्थिती अहवालात मिळते. प्रजा फाउंडेशन ही संस्था माहितीच्या अधिकारात आकडे मिळवून नागरी प्रश्नांवर अहवाल काढते, तेही जोडीला वाचावेत.

कचरा

२०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावावी, असा आग्रह पालिकेने २०१७पासून धरला. त्यामागे खरी निकड होती. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली आणि शहराचा भार कांजूरमार्ग व देवनारवर आला.

सुका कचरा आपल्या विभागातल्या कोणत्या वर्गीकरण केंद्रात जातो, हे घनकचरा विभागात विचारावे. जुने मोबाइल, संगणक, बॅटऱ्या यांच्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत पुनर्वापर उद्योगांची यादी पाहावी. मंडळाचे मुख्यालय शीवला आहे.

निधी

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून तीन वाटा वेगळ्या ठेवाव्यात.

पहिली वाट सोसायटीची. ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया किंवा सांडपाण्याचा पुनर्वापर करणाऱ्या सोसायट्यांसाठी पालिकेने मालमत्ता करात सवलतीची योजना आणली. चालू वर्षाच्या अटी विभाग कार्यालयातून लेखी घ्याव्यात.

दुसरी वाट परिसराच्या कामांची. आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी यांची माहिती वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. हा पैसा रहिवाशांच्या हाती येत नाही, काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातो.

तिसरी वाट नोंदणीकृत संस्थांची. केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर नोंदणी लागते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज भरावा लागतो. कोणती कंपनी कोणत्या विषयावर किती खर्च करते, हे राष्ट्रीय सीएसआर संकेतस्थळावर पाहता येते. पर्यावरणावर आधीपासून खर्च करणाऱ्या कंपनीकडे प्रस्ताव नेला, तर तो वाचला जाण्याची शक्यता जास्त.

उत्तर मिळाले नाही तर

माहिती अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. अनुदान योजना आणि त्यांचे लाभार्थी त्यात येतात. अर्ज करण्याआधी ते वाचावे. तिथे नसेल तर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे.

या कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. म्हणून 'आमच्याकडे पाणी गढूळ का येते?' असे विचारू नये. 'अमुक रस्त्यावर गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या पाणी नमुन्यांच्या चाचणी अहवालांच्या प्रती द्याव्यात' असे लिहावे. तारीख, जागा आणि कागदाचे नाव असलेला अर्ज टाळणे अवघड जाते.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत टळली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्याचाही उपयोग झाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

मिळालेला प्रत्येक कागद सोसायटीच्या फाइलमध्ये लावावा आणि त्याची प्रत सूचनाफलकावर चिकटवावी. कमिट्या बदलतात, माणसे घरे सोडून जातात. फाइल असेल तर पुढच्या कमिटीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि शेजारच्या इमारतीलाही आयता रस्ता मिळतो.