पेशींतील चूल आणि कंपवात

सन १९८२ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत डॉ. विल्यम लँग्स्टन यांच्या पाहण्यांत कांहीं विलक्षण रोगी आले. शरीर ताठरलेलें, चेहरा निर्विकार, वाचा जवळजवळ बंद. जणूं दगडी पुतळेच. लक्षणें सारीं कंपवाताचीं. पण कंपवात हा बहुधा साठीच्या सुमारास येणारा व वर्षानुवर्षें वाढत जाणारा रोग. येथें तर त्यानें ऐन उमेदीचीं माणसें थोडक्या दिवसांत जखडून टाकलीं होतीं. चौकशीअंतीं उलगडा झाला. चोरून बनविलेलें कृत्रिम हेरॉइन त्यांनीं टोचून घेतलें होतें, आणि तें बनवितांना झालेल्या हयगयीमुळें त्यांत एम.पी.टी.पी. नांवाचें भलतेंच द्रव्य उतरलें होतें.

हें द्रव्य करतें काय, तें समजण्यास पेशीच्या अंतरंगांत शिरलें पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी सोडल्या तर शरीरांतील बहुतेक पेशींत सूक्ष्म तंतुकणिका असतात. शास्त्रज्ञ त्यांस मायटोकाँड्रिया म्हणतात. गृहिणींनीं पेशींतील चुली म्हटलें तरी चालेल. अन्नांतून सुटलेले इलेक्ट्रॉन येथें एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात, अखेर प्राणवायूस मिळतात व पाणी बनतें. ह्या प्रवासांत लाभणाऱ्या शक्तीवर पेशीचा संसार चालतो. एम.पी.टी.पी.चें मेंदूंत एका विषांत रूपांतर होतें. हें विष डोपामिन ह्या मेंदूंतील निरोप्याचें सोंग घेऊन नेमकें डोपामिन बनविणाऱ्या पेशींत शिरतें आणि चुलींतील पहिलाच प्रथिनसमूह बंद पाडतें. मग शक्ति तर घटतेच. शिवाय वाटेंत अडकलेले इलेक्ट्रॉन भलत्याच ठिकाणीं प्राणवायूस चिकटून त्याचीं दाहक रूपें निर्माण करतात. वारा न लागलेल्या चुलीनें ऊब कमी व धूर फार द्यावा, तसाच हा प्रकार. हा धूर आवरणारीं द्रव्यें पेशींत असतात. पण तीं अपुरीं पडलीं म्हणजे स्निग्ध पदार्थ, प्रथिनें, इतकेंच नव्हे तर तंतुकणिकांतील आनुवंशिक द्रव्यही नासूं लागतें. 'ऑक्सिडीकरणाचा ताण' तो हाच.

व्यसनाचा वाराही न लागलेल्या सामान्य रोग्यांचें काय? सन १९८९ मध्यें लंडनमधील संशोधकांस अशा मृत रोग्यांच्या मेंदूंतही तोच पहिला प्रथिनसमूह दुबळा झालेला आढळला. पुढें २००४ सालीं कांहीं कुटुंबांतील कंपवाताचा संबंध पिंक-१ नामक जनुकाशीं जुळला. बिघडलेल्या तंतुकणिकांची विल्हेवाट लावण्याच्या कामीं तें जनुक लागतें.

तेव्हां धूर शोषणारें औषध द्यावें म्हणजे झालें, असें वाटणें साहजिकच होतें. सुमारें ८०० रोग्यांपैकीं कांहींना रोज २००० युनिट ई जीवनसत्त्व देऊन पाहिलें. १९९३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोगाची गति मंदावली नाहीं. को-एन्झाइम क्यू-१० ह्या द्रव्याचा ६०० रोग्यांवरील प्रयोगही २०१४ मध्यें निष्फळ ठरला. औषधांच्या दुकानांतील रंगीत वेष्टनांवरून मात्र हें कोणास कळावयाचें नाहीं! हात कांपूं लागेपर्यंत मेंदूंतील पुष्कळशा पेशी नष्ट झालेल्या असतात. आणि उरलेल्यांत धूर हें मूळ कारण किती व बिघाडाचा परिणाम किती, हें वेगळें काढणें कठीण.

१९८२ च्या त्या रोग्यांस हालचाल परत मिळाली ती लेव्होडोपानें. तें मेंदूंत जाऊन डोपामिन बनतें व तूट भरून काढतें. चूल दुरुस्त करीत नाहीं. आजही कंपवाताच्या उपचारांत मुख्य आधार त्याचाच आहे.