वहीत आमची नावे, पदरात काय?

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. पावणे एमआयडीसीच्या कारखान्यांमागे असलेल्या आमच्या वस्तीत एका कॉलेजची दहा-बारा मुले-मुली आली. गळ्यात ओळखपत्रे, हातात छापील फॉर्म. मुले सभ्य होती. "मावशी, घरात माणसं किती? पगार किती? संडास कुठे?" असे विचारत घरोघर फिरली. नाईट शिफ्ट करून झोपलेली माणसे उठून बसली. कोणी चहा दिला, कोणी सतरंजी अंथरली. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी सगळी उत्तरे दिली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "बाळा, या कागदाचं पुढं काय होतं रं?"

मुलगा गोंधळला. म्हणाला, "आजी, आम्हाला मार्क मिळतात."

ती मुले पुन्हा आली नाहीत. मी कारकून माणूस, आलेल्या कागदाचे पुढे काय झाले हे पाहायची सवय. दोन वेळा अर्धी रजा टाकून त्या कॉलेजात गेलो, तेव्हा अहवाल नुसता वाचायला मिळाला. त्यात लिहिले होते की या वस्तीत स्वच्छतेविषयी जाणीव कमी आहे. पूर्ण गल्लीला एकच नळ आहे आणि तोही पहाटे तासभर चालतो, हे मात्र कुठेच नव्हते. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता! ज्यांनी चहा दिला त्यांच्याच नावावर अस्वच्छतेचा शिक्का बसला.

बंधू-भगिनींनो, हे दुखणे केवळ आपले नाही. पॅसिफिक महासागराच्या पलीकडची माणसेही याच दुखण्याने पोळली आहेत. तैवान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, मलेशिया, पश्चिमेला आफ्रिकेजवळचे मादागास्कर, पूर्वेला हवाई आणि दक्षिणेला न्यूझीलंड एवढ्या प्रचंड टापूत बोलल्या जाणाऱ्या बाराशेहून अधिक भाषा एकाच कुळातल्या आहेत. त्या बोलणाऱ्यांना ऑस्ट्रोनेशियन लोक म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी तैवानकडून होड्या हाकीत हे लोक बेटाबेटांवर पसरले. मलाय आणि हवाईयन भाषेत पाचाला 'लिमा' म्हणतात, न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'रिमा', मादागास्करात 'दिमी'. हजारो मैलांचे अंतर, पण बोटे मोजायची रीत एकच!

या लोकांवर परक्या पंडितांनी ढीगभर पुस्तके लिहिली. त्यांची गाणी, हाडे, कोरीव लाकडे परदेशांतल्या संग्रहालयांत गेली. लिहिणारे प्राध्यापक झाले. ज्यांच्यावर लिहिले त्यांची जमीन गेली आणि भाषाही जाऊ लागली. लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषींनी १९९९ साली संशोधनाच्या या रीतीवर ग्रंथच लिहिला. मूळनिवासींच्या जगात 'संशोधन' हा शब्द घाणेरडा वाटू लागला आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले.

पण त्या लोक रडत बसल्या नाहीत. स्मिथबाई तरुणपणी 'ङा तामातोआ' या संघटनेत होत्या. माओरी तरुणांची ही संघटना १९७० साली ऑकलंडच्या विद्यापीठात उभी राहिली. शाळेत माओरी भाषा शिकवावी म्हणून या मुलांनी दारोदार फिरून तीस हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि १४ सप्टेंबर १९७२ रोजी तो अर्ज पार्लमेंटला दिला. १९८७ साली माओरी ही न्यूझीलंडची राजभाषा झाली. दारोदार तीही मुले फिरली, आमच्याकडे आलेली मुलेही फिरली. फरक एवढाच की त्यांचा कागद लोकांसाठी होता.

त्याच ऑकलंड शहरात १९७१ साली बेटांवरून पोट भरायला आलेल्या कामगारांच्या मुलांनी 'पॉलिनेशियन पँथर' काढली. नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पुढच्याच वर्षी त्याच नावाच्या प्रेरणेने आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे वाचकांना सांगायला नको. ऑकलंडच्या पँथरांनी मुलांसाठी अभ्यासाचे वर्ग चालवले, भाडेकरूंना आणि पोलिसांनी पकडलेल्यांना कायद्याची मदत दिली. शिकणारी पोरे वस्तीच्या कामाला लागली ती अशी.

तैवानने तर २००५ साली मूळनिवासींचा मूलभूत कायदा केला. त्यांच्या प्रदेशात कारखाना काढायचा असो की शैक्षणिक संशोधन करायचे असो, आधी तिथल्या लोकांशी सल्लामसलत आणि त्यांची संमती पाहिजे, असे त्याचे एकविसावे कलम सांगते.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र नाही. आपल्या घरात तर फार मोठे उदाहरण आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्नाला बंदी, हेच जातीचे मूळ आहे, ही मांडणी त्यात होती. ज्याने जात भोगली त्यानेच विद्यार्थी म्हणून तिची चिकित्सा केली. तोवर लिहिणारे बहुतेक बाहेरून पाहणारे होते.

आणि हल्लीचे उदाहरण खाडीपलीकडे मुंबईत आहे. 'पुकार' ही संस्था २००५ पासून वस्त्यांतल्या तरुणांना गटागटाने संशोधन शिकवते. संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली मांडले की संशोधन करणे हा सर्वांचा हक्क आहे, पदवीवाल्यांची मिरास नव्हे. बंदराच्या जागेवरील कौला बंदर वस्तीत पुकारच्या तरुणांनी डॉक्टरांबरोबर घरोघर पाहणी केली. तिथे पालिकेचे अधिकृत पाणी नव्हते. लोक लांबलचक पाइपांतून विकतचे पाणी घेत होते आणि पालिकेच्या दरापेक्षा कितीतरी पट पैसे मोजत होते. गरिबाला पाणी फुकट मिळते, हा समज या पाहणीने आकड्यांनिशी खोटा ठरवला.

हे वाचून आम्हीही ठरवले. वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या पाच मुली आणि तीन मुले यांना मी रकाने आखून दिले. पंधरा दिवस त्यांनी पहाटे नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, किती हंडे भरले, किती बायका रिकाम्या परतल्या, हे वहीत लिहिले. हिशेब वस्तीसमोर मोठ्याने वाचला. दोन चुका बायकांनीच दाखवल्या, त्या दुरुस्त केल्या. मग अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेतला. दुसरा नळ अजून आलेला नाही. पण पूर्वी "बघू" म्हणणारा साहेब आता "पंधरा दिवसांची वही आणा" म्हणतो. आमच्या पोरींच्या अक्षराला एवढा मान मिळाला, हेही थोडके नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजची मुले फॉर्म घेऊन आली तर त्यांना हाकलू नका. तीही आपल्यासारख्यांचीच लेकरे आहेत. चहा जरूर द्या. पण बसवून चार गोष्टी विचारा. हा अभ्यास कशासाठी आहे? आमच्या अडचणीचा प्रश्न यात आहे का? आमचे नाव आणि फोटो कुठे छापणार? आणि अहवाल मराठीत वस्तीसमोर वाचून दाखवणार का? उत्तर नीट मिळाले तर माहिती द्या. नाही मिळाले तर नम्रपणे नाही म्हणा. तो आपला हक्क आहे.

आणि आपल्या मुलांना सांगा, तुमच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधायला लांब जाऊ नका. तो आपल्या गल्लीतच आहे.

काकूंनी परवा आमच्या मुलींनाही तोच प्रश्न विचारला, "पुढं काय होतं रं?" त्यातली धाकटी म्हणाली, "आजी, अर्ज दिलाय. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार हाओत. तुम्ही पण चला."

काकू सोमवारी जाणार आहेत.