बसून पाहावे की उभे राहून?

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या क्रीडाप्रेमी कुटुंबाला सामना प्रत्यक्ष मैदानावर जाऊन पाहणे हा बराच काळ एक प्रवासच होता. सिल्क बोर्डच्या चौकातील कोंडी, मैदानाजवळ वाहन उभे करण्याची अडचण आणि रात्री परतताना होणारा उशीर यांमुळे पुष्कळजण दूरचित्रवाणीवरच समाधान मानीत. १० ऑगस्ट २०२५ रोजी ‘नम्म मेट्रो’च्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले आणि हे अंतर आटोक्यात आले. आर. व्ही. रोड येथे हिरव्या व मॅजेस्टिक येथे जांभळ्या मार्गिकेची गाडी धरली की कब्बन पार्क स्थानक येते. तेथून चिन्नास्वामी स्टेडियम हाकेच्या अंतरावर, तर श्री कंठीरवा स्टेडियम थोडे चालण्याच्या अंतरावर आहे. पुण्या-नाशिकहून नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे त्यामुळे आता ‘जावे की न जावे’ यापेक्षा ‘बसावे कोठे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तिकिटावर स्टँडचे नाव, रांग आणि आसनक्रमांक छापलेला असतो. त्या आसनाचे पैसे मोजलेले असतात. परंतु चेंडू सीमेकडे धावू लागला की पुढची रांग उभी राहते, मागोमाग तिच्यामागची, आणि सात-आठ सेकंदांत सर्व स्टँड उभा असतो. गावाहून मुलाकडे आलेली, गुडघेदुखीने त्रस्त असलेली आई बसल्याजागी पुढच्यांच्या पाठी तेवढ्या पाहते. सीमापार गेलेला षटकार तिला आरडाओरड्यावरूनच कळतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण परिचित असेल. मिरवणूक पाहणारा एकटा माणूस टाचा उंचावून उभा राहिला तर त्याला अधिक दिसते. सर्वांनीच टाचा उंचावल्या तर कोणालाही अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचेच दुखतात. व्यक्तीला लाभदायक ठरणारी कृती समूहाने केली की लाभ नाहीसा होतो, हे समजावून सांगताना पाठ्यपुस्तके याच दाखल्याचा आधार घेतात. बसणे वा उभे राहणे ही निवड प्रेक्षकाची व्यक्तिगत निवड वाटते, परंतु प्रत्यक्षात ती त्याच्या पुढच्या रांगेने केलेली असते. बँकेच्या शाखेत टोकन यंत्रे आली तेव्हा काउंटरवर रेलून उभी असणारी गर्दी खुर्च्यांवर जाऊन बसली, ती काही ग्राहकांच्या स्वभावात पालट झाला म्हणून नव्हे. उभे राहण्याचा लाभ संपला म्हणून.

प्रेक्षागाराची रचना करणारे स्थापत्यविशारद याच हिशेबावर काम करतात. बसलेल्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा पुढच्या बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून साठ ते नव्वद मिलीमीटर उंचीने जावी, अशा बेताने प्रत्येक पायरीची उंची ठरविली जाते. साठ ही किमान मर्यादा, नव्वद उत्तम. म्हणजे सारा खेळ चार बोटांच्या अंतराचा! पुढचा माणूस उभा राहिला की हे चार बोटांचे गणित कोलमडते.

महाराष्ट्राला हे गणित नवे नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले, ते १९१२ साली खुले झाले. मध्यभागी आखाडा, भोवती वर्तुळाकार चढत जाणारी जागा आणि मध्ये दृष्टी अडविणारा एकही खांब नाही, अशी त्याची रचना आहे. हजारो प्रेक्षक तेथे जमिनीवर मांडी घालून बसतात. निकाली कुस्ती रंगात आली असता एखादा उत्साही गडी उभा राहिलाच, तर मागून ‘ए, खाली बस!’ असा पुकारा होतो. खुर्ची नाही, क्रमांक नाही, पण शिस्त आहे. कारण मागचा प्रेक्षक आपला हक्क तोंडाने बजावतो. बंद खुर्च्यांच्या महागड्या स्टँडमध्ये मात्र हाच हक्क बजावण्याचा संकोच वाटतो, हे थोडे नवलच म्हणावे लागेल.

उभे राहणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. २०१३ साली स्थापन झालेल्या बंगळुरू फुटबॉल क्लबच्या ‘वेस्ट ब्लॉक ब्ल्यूज’ या चाहत्यांच्या गटाने कंठीरवावरील आपला कोपरा गाण्यांनी, ढोलांनी आणि झेंड्यांनी दुमदुमत ठेवला. ही मंडळी सामनाभर उभीच असतात. त्यांच्या लेखी खुर्ची ही अडचण आहे. कंठीरवावर मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा मार्ग असल्याने खेळ तसा दूरच दिसतो; ते अंतर हे प्रेक्षक आवाजाने भरून काढतात. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. तरुण माणसाला तेवढा वेळ उभे राहणे जड नाही. एकदिवसीय क्रिकेटचे आठ तास कोणी उभ्याने पाहू म्हणेल तर त्याच्या उत्साहाला नमस्कारच करावयास हवा.

उभे राहणे धोक्याचे, बसणे सुरक्षित, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तिचा उगम इंग्लंडमधील एका दुर्घटनेत आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात उपांत्य सामना होता. बाहेर दाटलेली गर्दी कमी करण्यासाठी पोलिसांनी बाहेर जाण्याचा एक दरवाजा उघडविला. लोंढा एका बोगद्यातून आधीच भरलेल्या, जाळीने बंदिस्त केलेल्या उभ्या प्रेक्षकांच्या कप्प्यांत शिरला. या चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या पुढे ९७ झाली. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर केवळ आसने ठेवण्याचा नियम झाला. दोष चाहत्यांचा होता हा आरोप अनेक वर्षे चालू राहिला; २०१६ मध्ये मृत्युचौकशीच्या निर्णयाने तो पुसला गेला.

या घटनेतील कारणपरंपरा नीट पाहिली तर माणसे उभी होती म्हणून दगावली असे म्हणता येत नाही. कोणत्या कप्प्यात किती माणसे गेली हे कोणी मोजत नव्हते आणि पुढे सुटकेला वाट नव्हती, म्हणून ती दगावली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात स्टँडमध्ये हाणामारी होऊन जी पळापळ झाली, तिच्यात १६ प्रेक्षकांचा बळी गेला.

बंगळुरूची जखम तर अजून ओली आहे. ३ जून २०२५ रोजी रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने अहमदाबाद येथे आपले पहिले आयपीएल विजेतेपद मिळविले. दुसऱ्या दिवशी विजयोत्सवासाठी चिन्नास्वामीच्या दरवाजांबाहेर लोटलेल्या गर्दीत ११ जणांनी प्राण गमावले. मैदानाची क्षमता सुमारे पस्तीस हजारांची. बाहेर जमलेला समुदाय तिच्या कित्येक पट होता. आत खुर्च्या होत्या, पण त्यांचा बाहेरच्यांना काय उपयोग? निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकेल डिकुन्हा यांच्या आयोगाने मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी हे मैदान असुरक्षित ठरविले. त्या वर्षीच्या महिला विश्वचषकासाठी बंगळुरूऐवजी नवी मुंबईची निवड करण्यात आली आणि २ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

इंग्लंडने मात्र जानेवारी २०२२ मध्ये आपला नियम अंशतः सैल केला. प्रत्येक रांगेपुढे कठडा आणि घडी घालून बंद करता येणारी खुर्ची, अशा विशेष भागात उभे राहण्यास परवाना मिळू लागला. अट एकच : जितक्या खुर्च्या तितकीच माणसे. ही अट महत्त्वाची आहे, कारण उभ्या माणसाला जागा कमी लागते. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेनुसार दहा चौरस मीटर जागेत उभे प्रेक्षक जास्तीत जास्त ४७ मावू शकतात. अर्धा मीटर रुंद आणि ऐंशी सेंटीमीटर खोल असे एक आसन धरले तर तेवढ्याच जागेत २५ बसतात. जर्मनीत डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक उभे राहतात. तेथे खुर्च्या बसविल्या की मैदानाची एकूण ८१ हजारांची क्षमता सुमारे पंधरा हजारांनी घटते. आपल्याकडे हा फरक उलट बाजूने अनुभवास आला. २०११ च्या विश्वचषकापूर्वी स्वतंत्र खुर्च्या बसल्या आणि लाखाच्या घरात प्रेक्षक सामावणारे ईडन गार्डन्स सुमारे ६६ हजारांवर, तर वानखेडे ३३ हजारांवर आले. खुर्चीची किंमत तिकिटात दिसते ती अशी. उभ्याचे तिकीट स्वस्त राहू शकते, ते तरुण कामगारास व विद्यार्थ्यास परवडते, हा मुद्दा खुर्चीवाद्यांनी ध्यानात घ्यावयास हवा.

हे सारे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या दारात येऊन ठेपले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने बोम्मसंद्रजवळ सूर्यनगर येथे शंभर एकरांवर ८० हजार प्रेक्षकांच्या क्रीडासंकुलास मंजुरी दिली. खर्च १,६५० कोटी रुपये. ८० हजारांचे मैदान उभारताना एखादी बाजू उभ्या प्रेक्षकांसाठी, कठड्यांसह, मोजूनमापून व स्वस्त दरात राखली, तर उरलेल्या बाजूंना ‘येथे बसूनच सामना पाहावयाचा आहे’ असे तिकिटावर छापण्याचा अधिकार प्राप्त होतो. आज तो नाही, कारण उभे राहू इच्छिणाऱ्यास अन्यत्र जागाच दिलेली नसते. चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकांसाठीचा ओटा तर पुढच्या उभ्या माणसांच्या डोक्यावरून दिसेल इतका उंचच हवा. पायऱ्यांची उंची काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरते, त्यामुळे या गोष्टींचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावा.

तोवर तिकीट काढताना थोडी दक्षता उपयोगी पडते. घोषणा देणाऱ्या गटांची बाजू प्रथम विचारून घ्यावी आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ती टाळावी. वरच्या मजल्याची पहिली रांग पुष्कळांना नकोशी वाटते. पण तिच्यापुढे उभे राहणारे कोणीच नसते. बसल्यावर कठडा नजरेच्या आड येतो का, एवढे पाहून घ्यावे. येत असल्यास दुसरी-तिसरी रांग धरावी. जिन्यालगतचे आसन गुडघे लांब करावयास व विश्रांतीत गर्दीआधी बाहेर पडावयास सोयीचे असते. प्रवेशद्वाराचा क्रमांक घरूनच पाहून ठेवावा आणि सामन्यापूर्वी तासभर तरी आधी पोहोचावे. परतीच्या शेवटच्या मेट्रोची वेळही त्याच दिवशी तपासावी, कारण पिवळ्या मार्गिकेकडे येताना गाडी दोनदा बदलावी लागते.